बाबांनी नावेला ठोकलेला पत्रा

भिलाईशेजारच्या दुर्ग स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे सातच वाजले होते, पण उन्हाचा चटका सुरू झाला होता. पुण्याहून मी आले होते एका शिडाच्या नावेसाठी. भिलाईत कुठला आलाय समुद्र, असं निघताना सगळ्यांनी विचारून घेतलं. समुद्र नाही, पण माझे बाबा आणि धनराजकाका हे तिथल्या पोलाद कारखान्यातले दोन फिटर होते. तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा क्लबाने टाकून दिलेली फायबरग्लासची नाव त्यांनी उचलून आणली. दर हिवाळ्यात ती तांदुळा धरणावर न्यायची, हीच आमची सहल.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. काका आता क्वार्टर सोडून रिसालीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला निघालेत, आणि तिथे अंगण नाही. धरणावरचे मासेमार नाव ठेवून घ्यायला तयार होते, पण गळत नसेल तरच. नाहीतर कापून फेकायची. 'मी येतेय, तोवर हात लावू नका,' एवढं फोनवर सांगून मी गाडीत बसले.

काकूंनी चिला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) आणि टमाटरची चटणी पुढ्यात ठेवली. "आधी खाय, मंग नाव पाय," म्हणाल्या. हा असा हुकूम ऐकून किती वर्षं झाली होती!

नाव मागच्या अंगणात आंब्याखाली होती. आत, तळाशी, बाबांनी आठ बोल्टांनी बसवलेला पोलादी पत्रा गंजून फुगला होता. फायबरग्लासच्या नावेला पोलादाचं ठिगळ! हे भिलाईचा फिटरच करू जाणे.

"हा काढा लागते," काका म्हणाले. "बोल्टाच्या भोकातून पाणी येऊन राहिलं."

मी नाही म्हटलं. बाबांच्या हातचं तेवढंच उरलं होतं. काकांनी वाद घातला नाही. आम्ही दिवसभर गंज घासला, भोकांत लांबी (पुट्टी) भरली, रंग दिला. दुसऱ्या दिवशी नावेत बादल्यांनी पाणी ओतून पाहिलं, तर अर्ध्या तासात खालची माती ओली. काका रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतेच शिडाची घडी घालत बसले. शेवटी ग्राइंडर मीच उचलला आणि एकेक बोल्ट कापला.

पत्रा निघाला. खाली जुना तडा असेल असं वाटलं होतं. तिथे तर फायबरचाच गुळगुळीत, पक्का जोड होता.

"काका, तडा तर आधीच भरलेला आहे."

"मीच भरला होता."

"मग पत्रा कावून?"

"तुह्या बापाले त्या काचेच्या कापडावर भरवसा नव्हता. म्हणे, माही पोरगी बसते याच्यात. मी लय समजावलं. आयकलंच नाही. मंग मीच बोल्ट पकडून दिले."

भोकं बुजवायला हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतून फायबरची मॅट आणि रेझिन आणलं. काकांनी सवयीने रेझिन घट्ट करणारा हार्डनर अंदाजपंचे ओतला, भर उन्हात डबा धुरायला लागला आणि सगळं मिश्रण दगड झालं. "भट्टी समजलो मी," काका म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसरं मिश्रण पहाटे, गारव्यात केलं.

पिकअपमधून नाव धरणावर नेली. मासेमारांच्या म्होरक्याने बजावलं, "पानी भरही त नइ रखबो (पाणी भरलं तर ठेवणार नाही)." काकांनी शीड चढवलं, सुकाणू धरलं आणि आम्ही पार मधोमध जाऊन आलो. म्होरक्याने आत वाकून तळावरून हात फिरवला. हात कोरडाच निघाला. "राहन दे," तो म्हणाला. काकांनी टोपी काढून डोळे पुसले.

परतीच्या गाडीत मात्र मला एकच आठवत राहिलं. बाबांना पोहता येत नव्हतं. ते नावेत कधीच बसले नाहीत. आम्ही परतेपर्यंत काठावर उभे राहायचे. मी सगळ्यांसमोर त्यांना भित्रे म्हणायचे, ते हसायचे, आणि मी काकांना सांगायचे, नाव अजून लांब न्या.