सासूबाईंच्या तळव्याखाली

एंडोमेट्रिओसिस. तपासणीअंती हा लांबलचक शब्द हाती आला, तेव्हा मला हायसे वाटले. दुखण्याला नाव तरी मिळाले. गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशींचा थर बाहेर रुजतो आणि दर महिन्याला तिथेही पेटून उठतो. सासूबाईंना मात्र हे पटत नसे. "सगळ्याच बायाईचं दुखते वं. आमी का कापूस वेचाले जात नव्हतो?" त्या म्हणत, आणि मी ओठ मिटून पुन्हा ओट्याशी उभी राही.

शस्त्रक्रिया झाली, गोळ्या सुरू राहिल्या, तरी कळा उरल्याच. अमरावतीतल्या माझ्या डॉक्टरीणबाईंच्या संमतीने मी अकोल्याला, चिनी पद्धतीने उपचार करणाऱ्या एका बाईंकडे जाऊ लागले. केसासारख्या बारीक सुया घोट्याजवळ टोचल्या की एक जड, संथ लहर पायातून वर चढे. बाईंनी रात्रीचे जेवण दिवेलागणीला आणले, तर्री कमी केली, सकाळचे चालणे लावून दिले. शेवटी कागदात गुंडाळलेली, वाळल्या पाल्याची एक जाड कांडी हाती ठेवली. पाला दवण्याच्या कुळातला. पाळीआधीच्या दिवसांत ती पेटवून, त्वचेपासून दूर धरून, ओटीपोट शेकायचे. धरायला दुसरे कुणी हवे.

नवरा नोकरीपायी आठवडाभर नागपूरला. घरात उरल्या सासूबाई.

"हे तं बिडीची माय दिसते!" कांडी उलटसुलट करत त्या म्हणाल्या. "पेटवू कुठून इले?"

खोलीत कडवट, रानवट धूर पसरला. ऊब बरोबर पोचते का, हे पाहायला त्यांनी दुसरा हात माझ्या पोटावर ठेवला. तेवढ्यात कळ आली. मी सवयीने आवाज केला नाही. पण त्यांच्या तळव्याखाली पोट फळीसारखे ताठ झाले, थरथरले, आणि कितीतरी वेळ सैल होईना.

"एवढं दुखते तुले? अन् बोलत कावून नाई?"

"बोलली होती, आई."

कांडीची राख वाटीत झटकून त्या हळूच म्हणाल्या, "लय गरम तं नाई होत न?"

आजार गेलेला नाही. कळा मात्र विरळ झाल्या आहेत. श्रेय सुयांचे, चालण्याचे की गोळ्यांचे, मला सांगता येणार नाही. मी साऱ्यांचीच ऋणी आहे, आणि त्या हाताची सर्वांहून अधिक.

परवा नणंदेचा फोन आला. तिच्याकडे कुरडया घालायच्या होत्या. मी आतल्या खोलीत पडून होते. सासूबाईंचा खणखणीत आवाज भिंतीपलीकडून आला: "ते नाई येत आज. पोट दुखते तिचं." पलीकडून नणंद काहीतरी बोलली असावी. "तुले काय मालूम? मी हात लावून पाह्यलं. झोपू दे तिले, मीच येतो."