पडदा फुटलेला लॅपटॉप

नवरा बोटीवर असतो. आमच्याकडे एवढं सांगितलं की पुरतं; माणसं फक्त कधी आला आणि कधी जाणार एवढंच विचारतात. मुलगी चालायला लागली तेव्हा तो बोटीवर होता, बोलायला लागली तेव्हाही बोटीवरच होता, आणि तिचा पहिला दात पडला तेव्हा घरी होता, पण झोपला होता.

हे सगळं मी फोनवर टिपून ठेवायचे. फोन भरला. मग इंटरनेटवर फुकट मिळणारी जागा होती तीही भरली आणि पुढच्या जागेचं दरमहा भाडं मागायला लागले. नवऱ्याला पाठवावं, तर बोटीवरचं नेट तुटपुंजं. मी पाठवलेलं सगळं एकदम उतरायला लागलं की त्याचं महिन्याचं नेट दोन दिवसांत संपायचं. एकदा तो म्हणाला, "एकच बघायला मिळालं तरी चालेल. पण कुठलं ते मला निवडता आलं पाहिजे." तो सहसा काही मागत नाही, म्हणून ते माझ्या डोक्यात बसलं. घरात एक संगणक कायम चालू ठेवायचा, सगळं त्यात भरायचं, आणि त्यानं जिथे असेल तिथून त्यात डोकावून हवं ते बघायचं. याला सर्व्हर म्हणतात. म्हणायला पैसे पडत नाहीत.

मी पतसंस्थेत कामाला आहे. तिथे संगणकाची वायर सैल झाली की मला हाक मारतात, एवढीच माझी या विषयातली पात्रता. बाकीचं व्हिडिओ बघून शिकले. नवं मशीन परवडणारं नव्हतं, तेव्हा जुन्याच्या मागे लागले.

गावातला एक सायबर कॅफे बंद झाला होता आणि मालक मशीनं विकत होता. "एकदम कंडिशनमध्ये हाय," तो म्हणाला. कुठल्या कंडिशनमध्ये ते मी झाकण उघडल्यावर कळलं. आत सगळीकडे गंज, आणि एका कोपऱ्यात वाळलेली पाल.

"पाल आहे आत," मी म्हटलं.

"ती काढून देतो की," तो म्हणाला.

आमच्याकडे जुनी मोटरसायकल घेतानासुद्धा आधी विचारतात, गाडी घाटावरची की किनाऱ्यावरची. खारी हवा लोखंड खाते. संगणकालाही हाच प्रश्न विचारायचा असतो, हे मला त्या पालीनं शिकवलं.

म्हणून घाटावर शोधलं. पुण्यात एक जण ऑफिसातून निघालेली मशीनं विकत होता, त्यात खराखुरा सर्व्हर होता. त्यानं तो व्हिडिओ कॉलवर चालू करून दाखवला. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, "गिरण कोणी चालू केलीन गो?" मी कॉल बंद केला. त्या आवाजाचं विजेचं बिल किती येईल याचा हिशेबही करायला गेले नाही.

खरी अडचण मात्र सासूबाईच होत्या. आमचं घर सड्यावर, आजूबाजूला उघडा कातळ. आभाळ गडगडलं की त्या घरभर फिरून एकूण एक प्लग उपटतात. यात त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही. विजेनं आमचा एक टीव्ही आणि दोन मॉडेम खाल्लेत. पण कायम चालू राहायचं मशीन आणि प्लग उपटणारी सासू एका घरात कशी नांदायची? बॅटरीवाला इन्व्हर्टर घ्यावा तर तोच मशीनपेक्षा महाग. चिडचिड करून झाली, आणि मग लक्षात आलं की लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. प्लग काढला तरी तो आपला चालूच राहतो.

लॅपटॉप मिळाला दापोलीत. शेतकी शिकणारी साताऱ्याकडची मुलगी होती, म्हणजे लॅपटॉपही घाटावरचा. पडदा फुटला म्हणून जवळजवळ टाकायलाच काढला होता. मला पडदा नकोच होता, सर्व्हरकडे कोण बघत बसतं? एसटीनं गेले, कँटीनमध्ये बसून तो टीव्हीला जोडून बघितला, मग प्लग काढला आणि चहा मागवला. चहा झाला, वडापाव झाला, तिचं परीक्षेचं सगळं रडगाणं ऐकून झालं, तरी बॅटरी टिकली. येताना मांडीवर घेऊन बसले. डिस्क तेवढी नवी घेतली. बाकी सगळं जुनं चालतं, पण ज्यात मुलीचं लहानपण ठेवायचं ते जुनं घ्यायला मन धजेना.

बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी कौलाच्या दोन तुकड्यांवर तो ठेवला. लॅपटॉप आणि मॉडेम एकाच बोर्डाला; त्याचा प्लग काढला की लॅपटॉप बॅटरीवर चालायचा, पण मॉडेम बंद पडून बघणाऱ्याचं बघणं तुटायचं. जुन्या लॅपटॉपना डिस्कचा वेगळा दिवा असतो, तो लुकलुकायला लागला तसं सासूबाईंनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, आई, तुमचा मुलगा बघत असला की लुकलुकतो, आणि मशीन आपलं आपण काम करत असलं तरी लुकलुकतो. मी दोन्ही कारणं सांगितली. त्यांनी एक ठेवलं.

त्यानंतर लसूण सोलणं, तांदूळ निवडणं सगळं टीव्हीशेजारी व्हायला लागलं. टीव्ही बंद. दिवा लुकलुकला की त्या पदर सारखा करायच्या. एकदा मी ऐकलं, त्या हळूच विचारत होत्या, "जेवलास काय?"

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी दुपारी आभाळ गडगडलं. सासूबाई उठल्या. फ्रिजचा प्लग काढला, टीव्हीचा काढला, आणि बोर्डापाशी जाऊन प्लगवर हात ठेवून थांबल्या. दिवा लुकलुकत होता.

मला माहीत होतं की नवरा भर समुद्रात आहे. महिन्याचं नेट संपलंय, आता पुढचं बंदर येईपर्यंत नाही, असं त्यानं सांगितलं होतं. मी सकाळीच मुलीच्या वाढदिवसाचे व्हिडिओ भरले होते आणि मशीन त्यांच्या लहान प्रती करत बसलं होतं.

"आई, तो नाहीये. मशीनचंच काम चाललंय. काढा तुम्ही."

"आसल," त्या म्हणाल्या. हात तसाच. मग म्हणाल्या, "आणि तोच असला तर?"

वीज आता जवळ कडाडत होती, मुलगी कानांवर हात ठेवून माझ्या पायाला चिकटली होती, आणि आयुष्यभर ढगाच्या पहिल्या आवाजाला प्लग उपटणारी बाई त्या दिव्याकडे बघत उभी होती. मी पुढे होऊन प्लग काढू शकले असते. नाही काढला. मीही बघत राहिले.

बऱ्याच वेळानं दिवा थांबला.

"झालं त्याचं बगून," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी प्लग काढला. वीज तोवर कधीच पुढे सरकली होती.