पत्रानं दिलेला होकार

लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानातली ती मुलगी चोवीस वर्षांची आहे, पण तिचा जीव ऐंशीच्या दशकात अडकलेला. "काका, तवा लोकं पत्राची वाट बघायची. काय मजा असंल!" ती चिक्की तोलताना म्हणते. मी तिचं जुनं गिऱ्हाईक; ती वाट मी बघितलेली आहे.

परंदवडीचं स्थळ तिला पसंत पडलं. होकार तिनं पत्रानं धाडला. आठ दिवसांनी मुलगाच दुकानात आला.

"तुमचं उत्तर कळलं न्हाई."

"पत्रात लिवलंय."

"मग तोंडी सांगा की!"

"न्हाई. पत्र येऊ द्या."

बिचारा परत गेला. मग त्याचा मोबाईलवर निरोप आला, 'पत्र मिळालं. उत्तर टपालानं धाडलंय.'

काल पोस्टमन न थांबता पुढं गेला, तशी ती माझ्यावरच चिडली. "काका, तुमच्या वेळची लोकं येडी व्हती का हो?"