सिस्टरची गाडी चढावर का तापायची

“नईमभाई, गाडी परत तापली. चढावर अर्ध्यात उभी केलीय अन् मी दगडावर बसलेय. लाल दिवा चालू हाय.”

फोनवर सिस्टर साळवे होत्या. आवाज शांत. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली बाई, ती एका लाल दिव्याला कशाला घाबरेल? घाबरलो मी. कारण ती गाडी मी तिसऱ्यांदा ‘एकदम ओके’ म्हणून पाठवली होती, आणि गॅरेजमधून जाऊन तिला आठवडाही झाला नव्हता.

गाडी म्हणजे एटीव्ही. चार रुंद टायर, मोटारसायकलसारखं हँडल, पुढं-मागं सामानाचं कॅरियर. रस्त्यावर चालवायची परवानगी नाही. ती शेतासाठी, डोंगरासाठी. आमच्याकडं बहुतेक एटीव्ही रिसॉर्टवर पर्यटकांना धूळ खायला घालायच्या कामी असतात. सिस्टरांची मात्र खऱ्या कामाची होती. कन्नड गावाच्या पुढं, घाटाच्या अंगाला त्यांची सीताफळाची बाग. घर खाली, बाग वर. मिस्टर गेल्यापासून बाग त्याच बघतात. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि चढ पायी चढणं बंद झालं. तेव्हा त्यांनी ही गाडी घेतली, माझ्याच सल्ल्यानं.

त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याला असतो. त्याचं म्हणणं एकच, जमीन विक आणि माझ्याकडं ये. मुलगा वाईट नाही. गाडी चढावर बंद पडली की आई ऑपरेशन झालेल्या खुब्यावर जोर देत खाली उतरते, हे त्याला बघवत नव्हतं. मलाही बघवलं नसतं.

“या रविवारी येतोय तो,” सिस्टर फोनवर म्हणाल्या. “त्याला सांगितलंय, तुझ्या डोळ्यांदेखत गाडी खालून वर गेली तर मी इथंच. नाय गेली तर तुझ्या फ्लॅटात. शब्द माझाच हाय, आता फिरवता येत नाय.”

मी म्हणालो, “काळजी करू नका सिस्टर.” हे वाक्य मी प्रत्येक वेळी म्हणालो होतो.

माझं गॅरेज शहरातल्या छावणी भागात आहे. आधी मी एका मोठ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. ट्रेनिंगची सगळी सर्टिफिकेटं फ्रेम करून भिंतीवर लावलीत, आणि गिऱ्हाइकाची खुर्ची बरोबर त्यांच्यासमोर ठेवलीय. बसल्या जागी वाचायला काहीतरी हवं.

इंजिन थंड कसं राहतं ते थोडक्यात सांगतो. इंजिनाभोवती एक रंगीत पाणी फिरतं, त्याला कूलंट म्हणतात. ते उष्णता उचलतं आणि पुढच्या रेडिएटरमध्ये येतं. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची जाळी. तिला हवा लागली की पाणी निवतं आणि परत इंजिनाकडं जातं. म्हणजे पाणी फिरलं पाहिजे आणि हवा लागली पाहिजे. एवढीच विद्या. उरलेलं ट्रेनिंग चहा-नाश्त्याचं.

पहिल्या वेळी मी कूलंट बदललं आणि पाइपात अडकलेली हवा काढली. ट्रायल घेतली. दिवा लागला नाही. दुसऱ्या वेळी थर्मोस्टॅट बदलला. पाण्याची वाट उघडणारा-मिटणारा हा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. जाळी धुतली, फॅन तपासला. दिवा लागला नाही. तिसऱ्या वेळी वॉटर पंप खोलला, इंजिनाच्या झाकणाखालच्या पट्टीवर, म्हणजे हेड गॅस्केटवर संशय घेतला, तेही बदललं. मागं शेणखताची पोती टाकून छावणीच्या मोकळ्या मैदानावर पेट्रोल संपेस्तोवर चकरा मारल्या. दिवा लागला नाही. बागेत गेली की दोन-तीन दिवसांत लागायचा.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. एटीव्हीला आरटीओचा नंबर नसतो, आणि नंबर प्लेट नसलेली गाडी आपल्या लोकांना चोरीचीच वाटते. सिस्टरांना गावात दोघा-तिघांनी हटकलं, “बाई, गाडी कुणाची म्हनायची?” सिस्टर खट्टू झाल्या. मला ते लागलं. मी औरंगपुऱ्यातल्या एका पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून आणली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. वर ‘जय भीम’, खाली ‘सिस्टर कमल साळवे’. पाटी जरा मोठीच झाली, पण एवढ्या बाईचं नाव बारीक अक्षरात लिहायचं मला पटेना. पुढच्या जाळीवर चार नटांनी ती पक्की बसवली. सिस्टर खूश झाल्या. नंतर हीच माझ्या गॅरेजची पद्धत झाली. एटीव्ही घेऊन जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नावाची पाटी भेट.

सिस्टरांची गाडी गॅरेजला आली की माझं पहिलं काम पाटी उतरवणं. तिच्यावर ‘जय भीम’ आहे, तेव्हा ती कुठंही टेकवून ठेवणं बरं दिसत नाही. पुसून ऑफिसातल्या खुर्चीवर ठेवायचो. मग दुरुस्ती, मग ट्रायल. सगळं झालं की शेवटी पाटी चढवायची, फडकं मारायचं, गाडी पिकअपमध्ये.

वाचकाला आत्ताच कळलं असेल. मला कळलं नाही. माझ्याकडं सर्टिफिकेटं होती.

त्या दिवशी फोनवर तर मी आणखी खोलात गेलो. “सिस्टर, राग मानू नका,” म्हणालो, “पण तुम्ही चढावर गिअर चुकीचा टाकत असाल.”

मग त्या म्हणाल्या, “नईमभाई, डॉक्टरला आजार सापडला नाय की तो पेशंटला म्हनतो, तुमच्या मनाचे खेळ हायेत. लई ऐकलंय मी हे. तुमी घरी या. ह्या पेशंटचा ताप दवाखान्यात उतरतो.”

रविवारी सकाळीच मी बागेवर पोहोचलो. प्रशांत आदल्या दिवशीच आला होता. हात मिळवला, पण हसला नाही. “नईमभाई, तुमच्या भरवशावर आई इथं एकटी राहते,” म्हणाला. “एवढंच लक्षात ठेवा.”

मी टूलकिट उघडलं. सवयीप्रमाणे पाटी काढली, पुसून ओट्यावर ठेवली. पाइप बघितले, क्लॅम्प आवळले. पोती टाकून मी स्वतः गाडी वर नेली आणि खाली आणली. चढ चांगलाच उभा, ऊन मराठवाड्याचं. दिवा लागला नाही. मला इतका आनंद झाला की मी पाटी चढवून तिच्यावर दोनदा फडकं मारलं. आज मुलासमोर गाडी कशी नवरीसारखी दिसली पाहिजे.

सिस्टर बसल्या, निघाल्या. प्रशांत आणि मी मागून चालत. निम्म्या चढावर त्यांनी गाडी थांबवली आणि मागं न बघता हात वर केला. लाल दिवा.

प्रशांत म्हणाला, “बस झालं आई. उतर.”

त्या उतरल्या नाहीत. हँडल धरून बसून राहिल्या. दवाखान्यातल्या कित्येकांना धीर देणारा तो चेहरा तेव्हा असा उतरला होता की मी नजर वळवली. मला वाटलं, हे गॅरेज बंद करून आपण पंक्चर काढावीत. तीही झेपतील का, शंका होती.

काहीतरी करायचं म्हणून मी पुढं धावलो. पाटी काढली, हात आता आपोआपच तिकडं जात होता. आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. इंजिन लवकर निवावं म्हणून हातात होतं त्यानंच मी जोरजोरात वारा घालू लागलो.

“काय करताय?” प्रशांतनं विचारलं.

“रेडिएटरला हवा लागत नाहीये, म्हणून हवा घालतोय,” मी म्हणालो.

आणि थांबलो. हातातल्या पाटीकडं बघितलं. जाळीकडं बघितलं. पाटी जाळीवर धरून बघितली. अशी चपखल बसली की वाऱ्याला बोट शिरकवायला जागा नाही. थंडीत गाडी घेतली तेव्हा हे खपून गेलं होतं. ऊन वाढलं तसं तिनं बोंब मारायला सुरुवात केली. गॅरेजमध्ये मी तिचं नाक मोकळं करून ट्रायल घ्यायचो आणि नाक दाबून घरी पाठवायचो. तीन-तीन वेळा.

एखादा सेन्सर खराब होता म्हणून सांगावं, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू. पण सिस्टर माझ्याकडंच बघत होत्या. मी सगळं सांगून टाकलं.

सिस्टर म्हणाल्या, “म्हंजी पेशंटच्या तोंडावर तुमीच उशी ठेवली अन् त्याचं रक्त तपासत बसला.”

“होय,” मी म्हणालो.

“आई, ते काही असो,” प्रशांत म्हणाला. “आपलं ठरलं होतं.”

“व्हय, ठरलं होतं. खालून वर.” सिस्टरांनी इंजिन निवू दिलं. मी म्हणालो, आता इथूनच पुढं घ्या, जाईल. त्या म्हणाल्या, “निम्म्यातनं गेली तर निम्माच शब्द राहतो.” त्यांनी गाडी वळवली, थेट घराच्या ओट्यापर्यंत खाली नेली, मला पोती परत रचायला लावली आणि पहिल्यापासून निघाल्या. पाटी माझ्या काखेत.

गाडी कुठंच थांबली नाही. आम्ही दोघं मागं राहिलो. प्रशांत चढ चढताना दोनदा गुडघ्यावर हात ठेवून थांबला. मीही थांबलो, त्याला सोबत म्हणून असं दाखवत. वर पोहोचलो तेव्हा सिस्टर सीताफळाच्या सावलीत गाडीवर बसून वाट बघत होत्या.

“दिवा लागला?” प्रशांतनं धापा टाकत विचारलं.

“गाडीचा नाय. तुझ्या तोंडावर लागलाय.” त्यांनी त्याचं मनगट ओढलं, दोन बोटं नाडीवर ठेवली आणि घड्याळाकडं बघत राहिल्या. “पुण्यात चालतोस का काई? का नुसता खुर्चीत बसतोस?”

प्रशांतनं हात सोडवून घेतला नाही. थोड्या वेळानं तो गवतात बसला आणि म्हणाला, “इथं वारं छान आहे.” संध्याकाळी तो एकटाच पुण्याला गेला.

पाटी मी मागच्या कॅरियरला उंच दांडी लावून बसवली. आता खालच्या रस्त्यावरूनही नाव वाचता येतं.

राहिली माझी बाकीची गिऱ्हाइकं. त्या सगळ्यांच्या जाळीवर माझ्याच भेटीच्या पाट्या होत्या. मी फोन करून कळवलं की आपल्या गॅरेजतर्फे ‘फ्री चेकअप कॅम्प’ ठेवलाय. सगळे आले. पाट्या पुढच्या मागं गेल्या. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं, दोघांनी माझ्यासोबत फोटोही काढले.

सिस्टरांचा फोन आलाच. “फुकट कॅम्प काढलाय म्हने. प्रायश्चित्त हाय का जाहिरात?”

“दोन्ही,” मी म्हणालो.

तेव्हापासून ट्रायलला गाडी काढायची तर ती गिऱ्हाईक चालवतं तशी काढायची. चिखल, पोती, पाटी, सगळ्यासकट. आणि दिवा लागलाच, तर चालवणाऱ्याला गिअर विचारण्याआधी गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभं राहायचं.