भिमाजीला कावळा शिवला

जामखेडच्या घाटात भिमाजी टपालाची थैली वाहायचा. गाडीवाटेनं दोन कोसांचा वळसा पडतो, म्हणून गडी कड्यावरची पायवाट धरायचा. एका अंगाला उभा खडक, दुसऱ्या अंगाला दरी. बायको आक्काबाई रोज कोकलायची, पण ऐकेल तर शपथ!

त्रेचाळीस सालच्या वैशाखात त्या वाटेवर डोमकावळ्यांच्या जोडीनं घरटं केलं. कपारीतून बाहेर झुकलेल्या पिंपळावर. भिमाजी खालून जायला लागला की दोघं कावकाव करून रान डोक्यावर घेत. दोन दिवस त्यानं काठी फिरवून निभावलं. तिसऱ्या दिवशी, वाट अगदी वीतभर उरते तिथं, एक पाखरू मागून आलं आणि दाणकन टाळूवर आदळलं. पागोटं दरीत गेलं. त्यानं खडकाला मिठी मारली, तोवर दुसऱ्यानं चोच हाणली. अहो, पिल्लांसाठी आईबाप एवढं करणारच, पाखरांचं काय चुकलं? पण भिमाजीनं मरणाचीच धास्ती घेतली. डोक्याला कावळा शिवला की माणूस वरीसभरात जातो, हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं.

यावर उतारा एकच. लांबच्या एखाद्या नातेवाइकाला माणूस मेल्याचा खोटा सांगावा धाडायचा. त्याच्या डोळ्यातून पाणी आलं, की मरण टळलं. मग लगोलग खरं सांगून टाकायचं. आक्काबाईनं चुलतदीर सहादेवाला धाडलं ते थेट मिरजगावला, भिमाजीच्या आईकडं. "आईइतकं खरं कोन रडंल?" म्हणे. डोकं बघा बाईचं!

सांगावा ऐकून म्हातारी साळूबाईनं असा हंबरडा फोडला, की सहादेवाची बोबडीच वळली. खरं सांगायचं सोडून तो पळाला आणि चार दिवस सासुरवाडीत दडून बसला. भिमाजीला कळलं तसा तो मिरजगावला धावला.

"आई, मी हाय गं! जित्ता हाय!"

साळूबाईनं दारातनंच हात जोडले. "बाबा, तुजी काय विच्छा ऱ्हायली आसंल ती सांग. पन घरात येऊ नगंस."

चार वर्षं हेच. शेजाऱ्यांनी समजावलं, त्यानं हात लावून दाखवला. म्हातारी मान हलवायची आणि त्याचं ताट अंगणात ठेवायची. तो तिथंच बसून जेवायचा. पुढंपुढं तर वाटेत कुणी रामराम घातला नाही, की तो स्वतःलाच चिमटा काढून बघायचा.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात साळूबाईनं अंथरूण धरलं. एका दुपारी भिमाजी न विचारता आत गेला आणि तिच्या उशाशी बसला. म्हातारीचा चेहरा फुलला.

"आलास व्हय न्यायला? मला वाटलं, इसरलास."

मी जित्ता हाय, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. चार वर्षं दुसरं काय सांगत होता? त्यानं तिचा हात हातात घेतला.

"व्हय आई," तो म्हणाला, "चल."