मावशीच्या हातापुढे घुमणारं कबूतर

भिजवलेल्या चण्यांचा वास आला की मला परदेशीपुऱ्यातली मावशीची गच्ची आठवते. घरट्यातून पडलेलं कबुतराचं पिल्लू तिनं चणे भरवून वाढवलं होतं. ते वयात आलं तेव्हा मी कॉलेजात नुकतीच हार्मोन्स शिकले होते. हार्मोन वाढले की बाकीचं आपोआप होतं, असं ठासून सांगत मी शेजारच्या कबूतरवाल्या भियांकडून, म्हणजे तिथल्या बोलीत भाऊंकडून, एक मादी मागून आणली. कबुतरानं मान फुगवली, शेपूट पसरलं आणि मादीकडे पाठ करून ते मावशीच्या हाताभोवती घुमत गोल फिरायला लागलं. मादी कोपऱ्यात दाणे टिपत राहिली. "हार्मोन तर आलेत, मग गडबड कुठे झाली?" मी पुटपुटले. मावशी आधी हसली, मग तिनं हात पदराखाली लपवला. कबूतर कावरंबावरं होऊन पदराला चोच लावत राहिलं. "अब काय करू बेटा, याला हाच हात माहिती आहे ना," म्हणत तिनं हात पुन्हा बाहेर काढला. आज मी हाच धडा शिकवते, फळ्यावर हार्मोन आणि लहानपणचा अनुभव शेजारीशेजारी लिहिते. पण कबूतर मादीकडे वळावं म्हणून मावशीनं हात लपवलेलाच ठेवायला हवा होता का, हे मला अजून कळलेलं नाही.