गायकवाडने पाठ केलेला रस्ता

गायकवाडच्या घरून मीनावहिनींचा फोन आला तेव्हा मी बूट घालत होतो. "भाऊजी, आज गेटवर थांबू नका. हे गेले... झोपेतच." एकच बूट पायात, तसाच मी किती वेळ बसून राहिलो कुणास ठाऊक. त्याला आता महिना झाला.

शशिकांत गायकवाड मला भेटला तो नॅशनल पार्कच्या ऑफिसात, वार्षिक पासच्या रांगेत. बोरिवलीत उभा जन्म काढून आम्ही दोघंही तिथे पोरांना छोटी ट्रेन दाखवण्यापुरतेच गेलेलो. मला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. तो अंधेरीच्या एका कंपनीतून नुकताच रिटायर झालेला ड्राफ्ट्समन. फॉर्म माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "जरा भरून देता? चष्मा विसरलोय." पुढे चार महिने आम्ही रोज सोबत चाललो, अहोजाहो जाऊन अरेतुरे आलं, पण त्याचा चष्मा कधी घरातून निघाला नाही. मग एका सकाळी तो कडेच्या दगडाला अडखळून चांगलाच आपटला. मी ओरडलो, "अरे, दिसत नाही का तुला?"

"नाही ना," गुडघा झटकत तो म्हणाला. "कडेचं गेलंच आहे. मधलंही दोनेक वर्षांत जाईल म्हणतात. म्हणून तर वर्षाचा पास काढला यार. रोज आलो तर डोळे जायच्या आत रस्ता पाठ होईल."

...आणि त्याने तो खरंच पाठ केला. बांबूची करकर कुठे सुरू होते, नदीच्या पाण्याचा वास कुठे येतो, डांबर कुठे उखडलंय, सगळं. तिसऱ्यांदा पास काढला तेव्हा हातात पांढरी काठी होती. मीनावहिनी घाबरायच्या. "बिबट्या आला म्हणजे?" "तो बघेल ना मला!" याचं उत्तर तयार. हट्टी तर इतका, की न विचारता हात धरला तर भर रस्त्यात झापायचा. मीही खाल्लीत ती बोलणी.

मागच्या हिवाळ्यात ओळखीतल्या एकाने मुलुंडच्या पाटीलबाईंना त्याच्याकडे आणलं. शाळेत शिकवायच्या, वर्षभरापूर्वी दृष्टी गेली, तेव्हापासून घराबाहेर पाऊल नाही. बाई गेटवरच थबकल्या. "मला नाही जमणार हो."

"मलाही जमत नव्हतं," गायकवाड म्हणाला. "माझा दंड धरा. मी पडलो तर सोडून द्या, तुम्ही नका पडू."

बाई हसल्या, आणि निघाल्या. मी चार पावलं मागे, जीव मुठीत धरून. त्या दिवशी पहिल्या पुलापर्यंतच गेलो, पण पुढे बाई दर रविवारी यायला लागल्या. मार्चमध्ये गायकवाडने त्यांना कान्हेरीच्या पायऱ्या चढवल्या. वर लेण्यात त्याने हात जोडले, बाई खांबाला टेकून रडल्या, आणि मी, दोन डोळ्यांचा माणूस, काय करावं न कळून उभा होतो.

तो गेल्यावर मी पार्कात जाणं बंदच केलं. गेल्या रविवारी पाटीलबाईंचा फोन आला, "मी गेटवर उभी आहे, या." गेलो. मी नव्या पासासाठी ऑफिसकडे वळणार, तर म्हणाल्या, "ते नंतर. तुमचा अजून आठवडाभर चालतोय ना?" त्यांनी माझा दंड धरला. मी जपून पावलं टाकत होतो. वळण संपताच त्या हळूच म्हणाल्या, "डावीकडे सरका, पुढे खड्डा आहे."

खड्डा होता.